टर्नटेबलचा इतिहास आणि ऑडिओफाइलांचे सोयीस्कर विस्मरण

१/ महागड्या टर्नटेबलांच्या शौकिनांमध्ये एक कथा मोठ्या श्रद्धेने सांगितली जाते. श्रेष्ठ टर्नटेबले तीक्ष्ण कानांच्या रसिकांनी घडवली, मोजमापाच्या उपकरणांना जे उमगले नाही ते त्यांच्या कानांना उमगले, आणि म्हणून या यंत्रांचा अंतिम निवाडा कानांकडेच आहे, असे ही कथा सांगते. कथा गोड आहे. मात्र इतिहासापुढे ती टिकत नाही. (थ्रेड)

२/ आज ज्या यंत्रांना मखरात बसवले जाते ती पाहावीत. ईएमटी ९२७ हे १९५१ चे जर्मन यंत्र रेडिओ केंद्रांसाठी बनले. त्याची थाळी अवाढव्य आहे, कारण नभोवाणीच्या १६ इंची तबकड्या तिच्यावर बसवायच्या होत्या. गॅरार्ड ३०१ हे १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील स्विंडन या गावी, रेल्वे कारखान्यांच्या गावी, तयार झाले. त्याच्या नावातच ‘ट्रान्स्क्रिप्शन मोटर’ हे शब्द होते. ही दोन्ही यंत्रे कामगारांची हत्यारे होती. कळ दाबताच वेग पकडावा, दिवसभर चालावे, बिघडल्यास तंत्रज्ञाला चटकन दुरुस्त करता यावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. त्यांच्या जन्माशी दिवाणखान्यातील रसिकाचा फारसा संबंध नव्हता.

३/ या यंत्रांत मोटर एका रबरी चाकाला फिरवते आणि ते चाक थाळीच्या कडेला आतून घासत तिला फिरवते. याला आयडलर ड्राइव्ह म्हणतात. जोर भरपूर मिळतो, पण मोटरीचा कंप चाकामार्गे थाळीत, थाळीतून सुईत आणि सुईतून लाऊडस्पीकरमध्ये उतरू शकतो. मागून येणारी ती मंद घरघर म्हणजे ‘रंबल’.

४/ घरघरीवरचा नामी उपाय १९६१ साली अमेरिकेत आला. एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने मोटर व थाळी यांच्यामध्ये लवचीक पट्टा घातला आणि थाळी व टोनआर्म एकत्र स्प्रिंगांवर तरंगते ठेवले. तबकडी वाजत असताना यंत्राच्या पायावर हातोडीने ठोकले तरी सुई उडत नाही, असे प्रात्यक्षिक ही कंपनी करून दाखवत असे. किंमत शंभर डॉलरच्याही खाली होती. ज्या रचनेला पुढे ‘हाय-एंड’ म्हणून मिरवण्यात आले, ती जन्मली सामान्य गिऱ्हाइकासाठीच्या स्वस्त यंत्रात. हा तपशील शौकिनांच्या कथेत सहसा येत नाही.

५/ पट्टा आणि तीन स्प्रिंगांची तीच मूळ कल्पना, अधिक काटेकोर यंत्रकामासह, १९७२ साली ग्लासगोत लिन कंपनीच्या ‘सोंडेक एलपी१२’ या रूपाने अवतरली. संस्थापक आयव्हर टीफेनब्रन यांचे म्हणणे असे की ध्वनियंत्रणेत सर्वांत महत्त्वाचे उपकरण लाऊडस्पीकर नव्हे तर टर्नटेबल. खाचेतून जे उचललेच गेले नाही ते पुढे कोणीही परत आणू शकत नाही. यात तथ्य होते हे मान्य करावेच लागेल. त्या काळी लोक सारे पैसे लाऊडस्पीकरवर उधळत आणि तबकडीखाली कसलेही खटारे यंत्र ठेवत.

६/ पण तथ्याचा संप्रदाय व्हायला वेळ लागत नाही. काय ऐकावे, कसे ऐकावे, ऐकताना खोलीत दुसरा लाऊडस्पीकर असू नये, असे नियम ठरत गेले. मोजमापे ओवळी आणि कान सोवळे ठरले. आणि या सोवळ्याचा पहिला मोठा बळी ठरले जपानी टर्नटेबल.

७/ १९७० साली मात्सुशिता कंपनीच्या टेक्निक्स विभागाने एसपी-१० बाजारात आणले. शुइची ओबाता यांच्या या रचनेत पट्टा नाही, रबरी चाकही नाही. थाळी थेट मोटरीच्या अक्षावरच बसते. मोटरच सावकाश, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते, त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या मोटरीचा कंप मुळातच उरत नाही. १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये क्वार्ट्झ स्फटिकाचे नियंत्रण होते आणि वेगातील चढउतार अवघा ०.०२५ टक्के नोंदवला होता. तरीही पाश्चात्त्य ऑडिओफाइलांनी निकाल दिला: आवाज ‘यांत्रिक’ आहे, मोटर ‘हिसके’ देते, संगीत ‘निर्जीव’ होते.

८/ हा निकाल किती पोकळ होता हे समजण्यासाठी प्रयोगशाळा नको, शाळेतली भूमिती पुरे. तबकडीचे मधले छिद्र केंद्रापासून ०.२ मिलिमीटर सरकलेले आहे असे समजा. साध्या कागदाच्या दोन पानांची जाडी. सुई केंद्रापासून १०० मिलिमीटरवर असेल तर प्रत्येक फेरीत खाचेचा वेग ०.२ टक्के वर आणि ०.२ टक्के खाली हेलकावतो. टर्नटेबल कितीही निर्दोष असो, हा दोष तबकडीतच मुरलेला आहे आणि यंत्राच्या स्वतःच्या दोषाहून तो कित्येक पटींनी मोठा आहे. लांबलेल्या सुरावर, पियानोच्या वा सनईच्या एखाद्या ठेहरावावर, तो चक्क ऐकू येतो.

९/ हे ओळखून १९८० च्या दशकाच्या आरंभी नाकामिची या जपानी कंपनीने टीएक्स-१००० नावाचे यंत्र काढले. ते तबकडीचा खरा केंद्रबिंदू मोजून तिला आपोआप जागेवर सरकवी. खऱ्या दुखण्यावरचा तो खरा इलाज होता, महाग असला तरी. पण शौकिनांच्या जगाने तो मार्ग धरला नाही. तारा कोणत्या, थाळीवर चटई लोकरीची की रबराची, यंत्राखाली फळी कोणत्या लाकडाची, यावरचे वाद मात्र आजही संपलेले नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडे!

१०/ मग टेक्निक्सला जगवले कोणी? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुणांनी घडवलेल्या डीजे परंपरेने, आणि जगभरच्या क्लबांनी. सीडीने एलपीचा बाजार उठवला त्या वर्षांतही १२०० मालिका खपत राहिली. तिचा एकूण आकडा तीस लाखांपलीकडे गेला. हाताने थांबवलेली, उलटी फिरवलेली थाळी क्षणार्धात पुन्हा अचूक वेगाला येते, याची परीक्षा त्या तरुणांइतकी निष्ठुरपणे कोणत्याही समीक्षकाने घेतली नाही. २०१० साली उत्पादन थांबले. २०१६ साली तेच नाव परतले ते सुमारे चार हजार डॉलरच्या मर्यादित आवृत्तीत, ऑडिओफाइलांसाठी! ‘हिसके देणारी’ मोटर एकाएकी आदर्श ठरली. मोटर सुधारली होती हे खरे. पण मूळ तत्त्व १९७० चेच होते. गॅरार्ड ३०१ ची कहाणीही हीच. पट्ट्याच्या जमान्यात ‘घरघरणारे जुनाट यंत्र’ म्हणून लोकांनी ते अडगळीत टाकले. आज त्याच ३०१ साठी संग्राहक लाखो रुपये मोजतात. यंत्र तेच आणि कानही तेच. बदलली ती दुर्मिळता.

११/ टोनआर्मची कथा आणखी बोलकी आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कापणारी सुई सरळ त्रिज्येवरून सरकते. वाजवणारी मात्र एका टोकाला खिळलेल्या आर्मवर कंस काढत जाते. त्यामुळे सुई आणि खाच यांच्या दिशेत थोडा फरक राहतो. आर्मला किती बाक द्यावा आणि सुई केंद्राच्या पुढे किती काढावी म्हणजे हा दोष किमान होईल, याचा विचार पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये मांडला. १९३८ साली लोफग्रेन यांनी आणि १९४१ साली बेअरवाल्ड यांनी गणित पूर्ण केले. एलपीच्या प्रचलित मापांना ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन त्रिज्यांवर दोष शून्य होतो. म्हणजे १९४८ साली एलपी जन्मण्याआधीच या प्रश्नाचे उत्तर तयार होते. ते कागदाच्या कोनमापकावर छापता येते आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही.

१२/ त्याहून मोठी अडचण खुद्द एलपीच्या रचनेत आहे. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तोच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा म्हटल्यावर बाजूच्या शेवटी आवाज चिरका होणारच. कार्बन फायबर, टायटॅनियम, दुर्मिळ लाकूड, कशाचाही आर्म आणला तरी हे बदलत नाही. आर्म चांगला असावा, त्याचे बेअरिंग ढिले नसावे. त्यापुढे शोभा सुरू होते. १९५९ साली एसएमईचा प्रसिद्ध आर्म बाजारात आला, तो मुळात यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने, अलस्टेअर रॉबर्टसन-एकमन यांनी, स्वतःच्या गरजेपोटी बनवला होता. त्याचा पाया होता यंत्रकामातील काटेकोरपणा. त्यात गूढ काही नव्हते.

१३/ कानांच्या दाव्याकडे परत येऊ. सोनारानेच कान टोचावे लागतात, तसे हे झाले. १९८४ साली ध्वनिशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिपशिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीफेनब्रन यांची परीक्षा घेतली. एलपी१२ वरून येणारा ध्वनी कधी थेट, तर कधी सोनीच्या डिजिटल यंत्रातून फिरवून ऐकवायचा. कोणता कोणता ते त्यांनी सांगायचे. डिजिटल म्हणजे संगीताचा घात, असे सांगणाऱ्या या गृहस्थांना तो ओळखता आला नाही. उत्तरे नाणेफेकीहून सरस निघाली नाहीत. ते परीक्षेला बसले याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. बहुतेक जण बसतही नाहीत.

१४/ ज्यांना १९८४ जुने वाटते त्यांनी २०२२ पाहावे. मोबाइल फिडेलिटी ही कॅलिफोर्नियाची कंपनी मूळ टेपांवरून काढलेल्या एलपींसाठी ख्यातनाम होती. तिच्या काही आवृत्त्यांची किंमत १२५ डॉलर असे. ‘थ्रिलर’च्या ४०,००० प्रती तशाच पद्धतीने काढणार असे जाहीर झाल्यावर जाणकारांना शंका आली: जीर्ण मूळ टेप इतक्या वेळा वाजवू कोण देणार? त्या उन्हाळ्यात कंपनीच्या तंत्रज्ञांनी कॅमेऱ्यासमोर मान्य केले की मध्ये डिजिटल प्रत घेतली जाते, आणि ही प्रथा २०११ पासून होती. म्हणजे अकरा वर्षे जगातील सर्वांत महागडी टर्नटेबले, सर्वांत सोवळे कान, आणि ओवळ्याचा वास कोणालाही आला नाही. शंका आली ती गणिताने. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले.

१५/ यावर नेहमीचे उत्तर असते: ‘आनंद आमचा, पैसा आमचा.’ बरोबर आहे. फिरणारी थाळी, हळुवार उतरणारा आर्म, यांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो त्या सौंदर्याला ज्ञानाचा दर्जा देण्याला, आणि ‘लाखाच्या आतल्या यंत्रावर खरे संगीत ऐकूच येत नाही’ असे सांगून विशीतल्या पोराला जुन्या तबकड्यांपासून परतवण्याला.

१६/ कारण भारतात हा प्रश्न चैनीचा राहत नाही. १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. ज्या लाखेपासून त्या काळच्या तबकड्या बनत ती लाख मुख्यतः भारतातूनच जाई. अशा तबकड्यांवर ‘७८’ हा आकडा डोळे मिटून लावता येत नाही. सुरुवातीच्या मुद्रणांचे वेग सत्तर-ऐंशीच्या आसपास कुठेही असत, ७८.२६ हा प्रमाण वेग नंतर आला, तोही विजेच्या मोटरीला ४६ पट मंदावणाऱ्या दंतचक्राच्या सोयीने. ७८ ला वाजवायची तबकडी ८२.६ ला फिरवली की पांढरी एकचा षड्ज काळी एकला जातो. गायकाची पट्टी बदलते, लय बदलते, आवाजाचा पोतही बदलतो. मग त्यावरून ‘अमुक बुवा फार चढ्या पट्टीत गात’ असे निष्कर्ष काढले जातात!

१७/ तबकडीवर पेटीची साथ असेल आणि ती दोन स्वरांच्या मधोमध कुठेतरी ऐकू येत असेल, तर गवयावर नव्हे, वेगावर शंका घ्यावी. त्यासाठी हवे काय? ७८ चा वेग, तो मागेपुढे करणारी कळ, आणि एलपीच्या सुईहून चौपट रुंद टोकाची सुई. एलपी१२ मध्ये ७८ चा वेग नाही. वेग थोडा कमीजास्त करण्याची कळ गॅरार्ड ३०१ वर पहिल्यापासून आहे, कारण नभोवाणीच्या तंत्रज्ञाला ती लागे.

१८/ या कथेचा एक धागा पुण्यातही पोहोचतो. क्रिकेट प्रशासनामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने २०१६ साली एसएमई आणि २०१८ साली गॅरार्डचे नाव विकत घेतले. ३०१ पुन्हा इंग्लंडमध्ये बनते आहे, अर्थात श्रीमंतांसाठी. वेगाची ती कळ अजून तिच्यावर आहे. मुंबईत १९९० पासून भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आहे. त्या कळीचे काय करायचे, हे तिथल्या जुन्या मंडळींना विचारावे.