जुळवलेले रीडिंग

पारितोषिक-वितरण समारंभात द्वितीय वर्षाच्या रसायनशास्त्रात प्रथम आल्याबद्दल माझे नाव पुकारले गेले. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्र आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन मी व्यासपीठावरून खाली उतरले. घरी आईने पेढे वाटले. हे सांगण्यामागे आत्मप्रौढी नाही. ज्या चार-दोन गुणांच्या फरकाने हे पारितोषिक माझ्याकडे आले ते गुण माझे नव्हते, एवढे कोठेतरी लिहून ठेवावे असे वाटले. आणि त्यासाठी आपल्या वार्षिकाइतकी हक्काची जागा दुसरी कोणती?

कला शाखेच्या वाचकांना त्यासाठी क्षणभर आमच्या प्रयोगशाळेत यावे लागेल. अनुमापन (आम्ही सारे त्याला टायट्रेशनच म्हणतो) म्हणजे पिपेटने मोजून १० मिलिलिटर द्रावण फ्लास्कमध्ये घ्यायचे आणि वरून ब्यूरेटमधून दुसरे द्रावण थेंबथेंब सोडायचे. रंग बदलला की तोटी बंद करायची आणि आकडा वाचायचा. असे तीनदा. तिन्ही आकडे सारखे यावेत अशी अपेक्षा असते. 'कॉन्स्टंट रीडिंग आले का?' हा आमच्याकडे 'जेवलीस का?' इतकाच नेहमीचा प्रश्न आहे. ते आले नाही तर काय करावे हे पुस्तकात दिलेले असते. प्रत्यक्षात काय करतात हे मात्र पहिल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वीच वरच्या वर्गातल्या मुली शिकवून ठेवतात.

प्रात्यक्षिक परीक्षेला मी आणि माझी मैत्रीण शेजारीशेजारी होतो. दोघींत पिपेट एकच. माझी रीडिंग आली ९.७, १०.२ आणि ९.९. मी तिन्ही रकान्यांत ९.९ लिहिले, गणित सोडवले आणि वेळेआधी पेपर देऊन मोकळी झाले. तिचेही आकडे जुळेनात. तिने पहिली तीन रीडिंग जशीच्या तशी लिहिली, मग चौथे घेतले, पाचवे घेतले, आणि घंटा झाली तेव्हा तिचे गणित अर्धेच झाले होते. लेखी परीक्षेत आम्हा दोघींत अंतर नव्हते. जे पडले ते इथे. पुढे काचसामान धुताना प्रयोगशाळा सहायकांना त्या पिपेटचे टोक टिचलेले दिसले. म्हणजे तिचा कागद पिपेटबद्दल खरे तेच सांगत होता. माझा कागद ते लपवत होता, आणि बक्षीस लपवणाऱ्या कागदाला मिळाले.

न जुळणाऱ्या आकड्याची किंमत काय असते, हे खरे तर आम्हाला अभ्यासक्रमातच शिकवतात. १८९२ च्या सुमारास लॉर्ड रॅले नायट्रोजनचे वजन करीत होते. काचेच्या एकाच गोळ्यात हवेतून मिळवलेला नायट्रोजन भरला की २.३१० ग्रॅम, आणि रासायनिक संयुगापासून तयार केलेला भरला की २.२९९ ग्रॅम. फरक जेमतेम शेकडा अर्धा. आमच्यासारखीने तो केव्हाच पुसून टाकला असता! रॅले यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांनाच याचे कारण विचारले. त्या फटीतून १८९४ साली त्यांना आणि विल्यम रॅम्झी यांना अर्गॉन सापडला. हा वायू आपण प्रत्येक श्वासात घेत होतो आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता. १९०४ चे नोबेल पारितोषिक रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे मिळाले. हा धडा आम्ही पाठ करतो, त्यावर टीप लिहितो आणि दुपारी प्रयोगशाळेत जाऊन रीडिंग जुळवतो.

मग पारितोषिक द्यावे तरी कशावर? अमेरिकेत तेथील केमिकल सोसायटीच्या निरनिराळ्या विभागांच्या नावाने महाविद्यालयांतील पदवीच्या विद्यार्थ्यांना पारितोषिके देतात. सेंद्रिय रसायनाचे एक, असेंद्रियाचे एक, भौतिक रसायनाचे एक, विश्लेषणाचे एक. मानकरी कोण, हे शिकवणारे प्राध्यापकच ठरवतात, आणि विश्लेषणाच्या पारितोषिकासाठी विद्यार्थ्याचा त्या कामाकडे असलेला कलही पाहिला जातो. ऐकायला छान वाटते. पण आपल्याकडे 'प्राध्यापकांनी ठरवावे' म्हटले की पहिली कुजबुज वशिल्याची होते, आणि ती अगदीच निराधार असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ज्या मुलाच्या मागे कोणी नाही त्याला गुणपत्रिकेचाच आधार. गुण कोरडे खरे, पण ते आडनाव पाहत नाहीत. म्हणून गुणानुक्रम मोडीत काढा असे माझे म्हणणे नाही.

माझे मागणे लहान आहे. गुणानुक्रमाने पहिल्या पाच आलेल्यांना एके दुपारी प्रयोगशाळेत बोलवावे. प्रत्येकाला एक अज्ञात द्रावणाची बाटली द्यावी. आत काय आणि किती आहे हे ती भरणाऱ्यालाच ठाऊक असावे. तीन तास द्यावेत. शाईने लिहायचे, खोडायचे नाही, आणि उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी फक्त क्रमांक. रीडिंग जुळले नाही तर का जुळले नसावे यावर चार ओळी लिहायच्या, आणि गुण त्या चार ओळींनाही द्यायचे. खर्च म्हणाल तर थोडेसे आम्ल आणि अल्कली.

माझ्या मैत्रिणीला हा लेख छापण्यापूर्वी वाचायला दिला. तिने दोनच दुरुस्त्या सुचवल्या. एक, तिचे नाव घालू नये. दुसरी, बाटल्या भरण्याआधी पिपेट तपासून घ्यावे.