हद्द ओलांडली की कायदा वेगळा

सावद्याहून रावेरमार्गे बऱ्हाणपूरला निघालेला केळीचा ट्रक राज्याची हद्द ओलांडतो, तिथे भांगेचा कायदाही बदलतो. पलीकडे मध्य प्रदेशात तिची परवानाधारक दुकाने. अलीकडे महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना भांग बाळगणे गुन्हा. १९८५च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पाने वगळली, म्हणून राज्यांना ही मुभा.

नशेच्या अळंबीला ती मुभा नाही. तिच्यातले सायलोसिबिन थेट केंद्राच्या यादीत आहे. तरीही जानेवारी २०२५मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जामीन देताना अळंबी म्हणजे 'मिश्रण' नव्हे, असे म्हटले. शिक्षा वजनावर ठरते. मग तराजूत अख्खी अळंबी ठेवायची की फक्त सायलोसिबिन? हे संसदेने स्पष्ट करावे; प्रत्येक जामीन अर्जागणिक ठरू नये.