सुटे शब्द पाठ करून इंग्रजी येईल का?

रोज दहा सुटे शब्द पाठ करायला देणं मला आता पटत नाही. परवा सातवीतल्या एका मुलीने लिहिलं, 'आय डिड अ बिग मिस्टेक'. आपण मराठीत चूक 'करतो', म्हणून तिने 'डू' घेतलं. इंग्रजीत तिथे 'मेक' लागतं: 'मेक अ बिग मिस्टेक'. दीर्घ श्वास घ्यायचा तर 'टेक अ डीप ब्रेथ'. कडक चहा 'स्ट्राँग' असतो, 'हार्ड' नाही. का? आपणही मार 'खातोच' की, आणि शपथ घेतो (खातोही!).

पालकांनो, क्रियापद, विशेषण, नाम एकत्रच लिहून घ्या. रोज दोन पुरेत.

त्या वाक्यावर मी लाल फुली मारली होती. पुढच्या निबंधात तिने दोनच ओळी लिहिल्या.