मालकीचे जंगल आणि सरकारची खतावणी

देशात सर्वांत जास्त वनाच्छादन आपल्या मध्य प्रदेशात आहे, हे आपले सरकार अभिमानाने सांगते. 2023 च्या भारतीय वनस्थिती अहवालात हा आकडा 77,073 चौरस किलोमीटर दिला आहे. आकडा खोटा नाही. पण तो कसा मोजतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. उपग्रहाच्या चित्रात एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा दिसला की ती जागा वनाच्छादन म्हणून धरतात. जमीन कोणाची, सरकारी की खाजगी, हे मोजताना पाहत नाहीत. म्हणजे कन्नौद-खातेगावकडे एखाद्या कुटुंबाने तीन पिढ्या राखलेला सागाचा तुकडाही सरकारच्या या बेरजेत आहे.

आता पुढची गोष्ट. केंद्राच्या करातून राज्यांना जो वाटा मिळतो, त्याच्या सूत्रात चौदाव्या वित्त आयोगाने (2015 ते 2020) वनांना साडेसात टक्के वजन दिले होते. पंधराव्या आयोगाने (2021 ते 2026) ते दहा टक्के केले. ज्या राज्यात दाट जंगल अधिक, त्याचा वाटा अधिक. जंगल राखायचे तर त्या जमिनीवर शेती, कारखाने, वस्ती यांचे उत्पन्न सोडावे लागते आणि त्याची भरपाई व्हावी, हा यामागचा विचार. विचार अगदी रास्त आहे. पण उत्पन्न सोडले कोणी? सरकारी जंगलापुरते सरकारने सोडले हे मान्य. मालकीच्या जंगलापुरते ते मालकाने सोडले आणि जमा मात्र राज्याच्या खात्यात झाली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव एकाची आणि व्याज दुसऱ्याच्या पासबुकात. कोणत्याही शाखेत असे घडले तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात उभा राहील.

हा विषय आपल्या पत्रकात कशासाठी, असे काही वाचक विचारतील. होळकर आणि देवासच्या पवारांच्या काळापासून माळव्यात आणि निमाडात स्थिरावलेल्या आपल्या जुन्या घराण्यांपैकी अनेकांकडे जमिनी होत्या. 1948 साली मध्य भारत राज्य झाले, 1951 मध्ये जहागिऱ्या आणि जमीनदाऱ्या गेल्या, पुढे सीलिंग आले. जे उरले ते खुदकाश्तचे तुकडे, आणि त्यांतले काही डोंगरउताराचे, नांगर न चालणारे. नांगर चालत नव्हता म्हणूनच तिथे साग, महुआ, तेंदू, धावडा टिकला. आज त्या तुकड्यांचे वारस इंदूर, पुणे, बंगळूर आणि अमेरिकेत आहेत. खसऱ्यावर पाच-सात नावे, त्यांतली दोन दिवंगतांची. अशा वेळी एक कॉलोनाइजर येतो, सर्वांना फोन करतो आणि सर्वांची कागदपत्रे स्वतःच्या खर्चाने करून देतो. मग रजिस्ट्री, मग डायव्हर्शन, मग प्लॉट.

आमच्या खजरान्याचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. अहिल्याबाईंच्या गणपतीभोवतीचे हे एके काळचे खेडे, भोवती शेते असलेले. रिंग रोड झाला आणि आता इथे मोकळा बिघा शोधून सापडत नाही. तीच लाट आता बाहेर निघाली आहे. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, 309 किलोमीटर आणि 18,036 कोटी रुपये. इंदूर-बैतूल महामार्ग कन्नौद-खातेगावातून जातो. 2025 मध्ये विधानसभेने महानगर प्रदेशाचा कायदा मंजूर केला, त्यात देवासही इंदूरशी जोडले जात आहे. रस्ता आणि रेल्वे यांना आमचा विरोध नाही, मनमाडची गाडी तर आपल्या समाजाची जुनी मागणी आहे. पण या लाटेत डोंगरउताराचा सागाचा तुकडा किती दिवस टिकेल याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

हिशेबच करायचा तर असा. नैसर्गिक साग चांगल्या इमारती लाकडाच्या वयाला यायला 60 ते 80 वर्षे लागतात. सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेली रक्कम 60 वर्षांत जवळपास 58 पट होते. साग त्या वेगाने वाढत नाही, आणि मध्ये वणवा आहे, चोरटी तोड आहे, कीड आहे. व्याजाच्या तक्त्यावर बसणाऱ्या कोणीही सागाचे जंगल राखणार नाही. आपल्या आजोबांनी राखले, कारण त्यांनी हा तक्ता पाहिला नव्हता किंवा पाहूनही बाजूला ठेवला. नातवाने तसेच करावे अशी अपेक्षा करणे सोपे आहे, विशेषतः ज्याची जमीन नाही त्याला.

करांची बाजू याहून चमत्कारिक आहे. आपोआप उगवलेल्या, मशागत न केलेल्या जंगलातील झाडांच्या विक्रीचे पैसे शेतीचे उत्पन्न मानले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच शेती-उत्पन्नाला जमिनीवर मूलभूत मशागत झालेली असावी असे ठरवले. म्हणजे नियमाने दोन झाडे विकली तर त्या पैशांवर आयकर. उलट, खसऱ्यात शेती म्हणून नोंदलेली आणि शहराच्या हद्दीपासून ठरलेल्या अंतराबाहेर असलेली तीच जमीन कॉलोनाइजरला विकून टाकली, तर बहुधा भांडवली नफ्याचा करही लागत नाही. राखणाऱ्याला कर आणि मोडणाऱ्याला माफी! किसान सन्मान निधीचे वर्षाला 6,000 रुपये लागवडीयोग्य जमिनीसाठी आहेत. किसान क्रेडिट कार्डाच्या अर्जात पिकाचा रकाना असतो. आमच्या काउंटरवर एक गृहस्थ त्या रकान्यापाशी अडले होते. 'जंगल' असे लिहून त्यांनी अर्ज पुढे केला, आणि तो परत देण्यावाचून आमच्या हाती काही नव्हते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जंगल म्हणजे शब्दकोशातले जंगल, मालक कोणीही असो, आणि मंजूर कार्ययोजनेशिवाय तोड नाही. मालकीच्या झाडांचे व्यवहार एकाएकी थबकले. त्यावर मध्य प्रदेशाने 1999 मध्ये लोकवानिकी योजना आणली आणि 2001 मध्ये तिचा स्वतंत्र कायदा केला. मालकाने स्वेच्छेने यावे, नोंदणीकृत चार्टर्ड फॉरेस्टरकडून आपल्या जंगलाची व्यवस्थापन योजना करून घ्यावी, ती मंजूर झाली की तिच्याप्रमाणे तोडावे आणि पुन्हा वाढवावे. आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यात ही योजना काही काळ बऱ्यापैकी चालली. देशात इतर राज्यांनी नक्कल करावी अशी ही कल्पना होती, आणि आमच्या मते आजही आहे.

पण तिने परवानगी दिली, पैसा दिला नाही. योजनेचा खर्च मालकाचा. पटवाऱ्याकडून सीमांकन, वन खात्याची पाहणी, तोडीची मंजुरी, वाहतुकीचा टीपी, हे सारे हेलपाटे मालकाचे. त्यात धोरणाची धरसोड. 2015 मध्ये सरकारने 53 जातींच्या झाडांना टीपीतून सूट दिली, 2025 मध्ये उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. न्यायालयाच्या निर्णयामागे जंगलाची काळजी आहे, तिच्याशी आमचा वाद नाही. पण जो मालक 60 वर्षांचा विचार करतो त्याला नियम दहा वर्षेही टिकेल याची खात्री नसेल, तर तो लवकर तोडून मोकळा होईल.

महाराष्ट्राने उलटा मार्ग घेतला आणि त्याचे फळ आपल्या कोकणातील नातेवाइकांना ठाऊक आहे. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने 30 ऑगस्ट 1975 रोजी खाजगी वने सरकारजमा झाली. मुंबईच्या उपनगरांत 1950 च्या दशकातल्या नोटिशींच्या आधारे घरांच्या जमिनींवरही 'खाजगी वन' असा शिक्का बसला. ते भांडण 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज प्रकरणाच्या निकालाने मिटले. नुसती नोटीस काढून जमीन सरकारची होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. या साऱ्यातून गावोगावच्या मालकाने एकच धडा घेतला, आपल्या जमिनीवर जंगल दिसू देऊ नये. जंगल वाचवायच्या कायद्याने जंगलाची भीती बसवली.

त्याच कोकणात एक तिसरा मार्गही चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडे लाकडाचा ठेकेदार येतो आणि अख्ख्या उताराची तोड विकत घेतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने तिथल्या मालकांशी लेखी करार केले. ठरावीक वर्षे तोडायचे नाही, त्याचा मोबदला घ्यायचा, जमीन तुमचीच. बेहड्याच्या फळांना प्रमाणपत्र मिळवून परदेशी औषधी कंपन्यांचे गिऱ्हाईक जोडले, आणि ज्या जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटे करतो ती झाडे उभी राहिली. यात सरकारी पैसा नाही, देणगीदार आणि कंपन्यांचा आहे. म्हणून व्याप्ती मर्यादित राहणार.

सरकारने हेच केले तर काय होते, ते अमेरिकेत पाहता येते. तिथे 1990 च्या शेतीकायद्यातून फॉरेस्ट लेगसी नावाची योजना निघाली. मालक जंगलाचा मालकच राहतो, योजनेप्रमाणे लाकूडही काढतो. सरकार त्याच्याकडून फक्त एक हक्क विकत घेते, जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट करण्याचा. खर्चाचा 75 टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा. कोस्टारिका तर लहान देश, तरी 1996 च्या वनकायद्यापासून खाजगी जंगल राखणाऱ्यांना मोबदला देतो आणि त्यासाठी इंधनावरच्या करातला हिस्सा बाजूला काढतो.

आपल्याकडे पैसा नाही हे कारण चालणार नाही. जंगल उजाड केल्याच्या भरपाईपोटी जमलेल्या कॅम्पा निधीतून ऑगस्ट 2019 मध्ये केंद्राने राज्यांना 47 हजार कोटींहून अधिक रक्कम दिली, त्यात मध्य प्रदेशाच्या वाट्याला सुमारे 5,196 कोटी आले. या निधीचा मोठा भर नव्या रोपवनांवर. 2023 चा ग्रीन क्रेडिटचा नियमही उजाड सरकारी वनजमिनीवरील लागवडीभोवतीच फिरतो. बांबू मिशन रोपाच्या खर्चाचा निम्मा भाग देते. खड्डा खणा, रोप लावा, फोटो काढा, अनुदान घ्या. उभे झाड राखणाऱ्यासाठी एकही रकाना नाही.

आपल्याच वर्गाची तरफदारी केल्याचा आरोप आमच्यावर होईल, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहितो. बस्तर मध्य प्रदेशात होते तेव्हाचे मालिक मकबूजा प्रकरण वाचकांना आठवत असेल. आदिवासींच्या जमिनीवरचा साग कवडीमोलाने घेऊन व्यापारी आणि अधिकारी गब्बर झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मालकीच्या झाडांवरचे निर्बंध उगाच आलेले नाहीत. दुसरे असे की आपल्या म्हणवणाऱ्या जंगलात शेजारचे भिल्ल आणि कोरकू महुआ वेचतात, गुरे चारतात, सरपण नेतात. कागदावर नसले तरी ते जंगल त्यांनीही राखले आहे. अनुदान घेताच तारेचे कुंपण घालणाऱ्या मालकाला ते मिळता कामा नये. आणि मोठ्या फार्महाऊसवाल्यांनी कुंपणाला लावलेली निलगिरी जंगल म्हणून दाखवली, तर त्यांनाही नाही.

तेव्हा मागणी काय करायची? लोकवानिकी कायदा आहे तसाच ठेवून त्याला अनुदानाची जोड द्यावी. जो मालक 30 वर्षे डायव्हर्शन न करण्याचा करार करील आणि तो खसऱ्यावर चढवील, त्याला दर हेक्टरी वार्षिक रक्कम त्याच्या खात्यात थेट मिळावी. व्यवस्थापन योजनेचा खर्च सरकारने करावा. योजनेप्रमाणे तोडीचा हक्क मालकाकडे राहावा, आणि करार चालू असेतो त्याच्यापुरते नियम बदलू नयेत. वेचणीचा, चराईचा रिवाज करारातच लिहावा. करार मोडला तर घेतलेली रक्कम व्याजासह परत. पाहणीला नवे खाते नको, वर्षाला उपग्रहाचे एक चित्र पुरे. राज्याचा वाटा मोजायला ते चालते, मग मालकाला पैसे द्यायलाही चालावे. आयकराची विसंगती दिल्लीतच सुटेल, त्यासाठी खासदारांकडे वेगळे निवेदन द्यावे लागेल.

1989 ते 2014 सलग आठ निवडणुका जिंकणाऱ्या सुमित्राताई 2019 पासून रिंगणात नाहीत, त्यामुळे दिल्लीपर्यंत आपला शब्द आपोआप पोचेल या भरवशावर आता राहता येत नाही. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या मंडळाच्या सभागृहात मते मागायला येतो तेव्हा आपण त्याला हार घालतो, नाट्यगृहाचे भाडे आणि गणेशोत्सवाचा मंडप यांबद्दल बोलतो आणि चहा पाजून परत पाठवतो. या वेळी त्याला लोकवानिकी कायदा ठाऊक आहे का, एवढे तरी विचारावे.

निवेदनाला आकड्यांचा आधार हवा. ज्यांच्या कुटुंबाच्या नावे देवास, खरगोन, धार किंवा इंदूर जिल्ह्यात झाडोरा असलेली जमीन आहे, त्यांनी खसरा व बी-1 ची नक्कल, अंदाजे क्षेत्र आणि मुख्य झाडांच्या जाती अशी माहिती संघटनेच्या कार्यालयात आणून द्यावी. खसऱ्यावरची दिवंगतांची नावे अजून उतरली नसतील तर नामांतरणाचा अर्ज आधी करावा, त्याला तहसिलीत वेळ लागतो.