स्वस्त झालेला चहा समुद्रात का गेला?

'कॉलनी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रेल्वे कॉलनी, बँक कॉलनी, नाहीतर शिक्षक कॉलनी. घरांच्या चार ओळी, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान, भाद्रपदात गणपतीचा मांडव. इतिहासाच्या पुस्तकात याच शब्दासाठी 'वसाहत' येतो आणि मग आपल्याला लगेच गोरा साहेब दिसतो. पण अमेरिकेतल्या इंग्रजांच्या १३ वसाहती या बाबतीत आपल्या रेल्वे कॉलनीच्या जास्त जवळ होत्या. तिथे माणसं खरोखर वसायला गेली होती, बायकामुलं आणि भांडीकुंडी घेऊन. भारतात इंग्रज आले व्यापार करायला, राहिले राज्य करायला, आणि बहुतेक जण नोकरी संपल्यावर मायदेशी परतले. म्हणून अमेरिकेतलं भांडण आपल्या स्वातंत्र्यलढ्यासारखं वाटलं, तरी त्याची जात वेगळी आहे. ते होतं भाऊबंदकीचं भांडण. एकाच घरात वेगळी चूल मांडण्याचं.

सुरुवात अगदीच केविलवाणी होती. १६०७ मध्ये एका खाजगी कंपनीने शंभरेक माणसं व्हर्जिनियात उतरवली. त्या जागेला राजाच्या नावावरून जेम्सटाउन म्हटलं. त्यांना सोनं हवं होतं, मिळाली उपासमार. १६०९-१० च्या हिवाळ्यात वस्तीतली बहुतेक माणसं मेली. ही वस्ती शेवटी तगली ती तंबाखूवर. तंबाखूला जमीन हवी, ती तिथल्या मूळ लोकांकडून बळकावली. मजूर हवे, म्हणून पुढे आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. १६१९ हे साल मला विलक्षण वाटतं. त्या वर्षी व्हर्जिनियात वसाहतवाल्यांची पहिली निवडून आलेली सभा भरली आणि त्याच वर्षी वीसेक आफ्रिकी माणसं तिथे आणून विकली गेली. स्वतःचा कारभार आणि दुसऱ्याची गुलामी, दोन्ही एकदमच सुरू झालं.

पुढची दीडशे वर्षं लंडनचं तिकडे फारसं लक्षच नव्हतं. इंग्लंडात आधी यादवी युद्ध, मग फ्रान्सशी लढाया. पत्र घेऊन जहाज निघालं की पोहोचायला दीड-दोन महिने लागायचे. व्यापार फक्त इंग्रजी जहाजांतूनच करा वगैरे कायदे होते, पण ते कागदावर. तस्करी सर्रास चाले. वसाहतींमधल्या सभा स्वतःचे कर ठरवत आणि बऱ्याच ठिकाणी राजाने पाठवलेल्या गव्हर्नरचा पगारही याच सभा मंजूर करत. विचार करा, ज्याच्या हातात तुमचा पगार, त्याला तुम्ही किती ओरडणार? मुलगा परगावी नोकरीला लागतो, भाडं स्वतः भरतो, भाजी स्वतः आणतो, आणि दहा वर्षांनी वडील अचानक येऊन म्हणतात की आता हिशोब मला दाखवायचा. तसंच काहीसं इथे झालं.

निमित्त ठरलं युद्धाचं. १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटन जिंकलं, पण राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. संसदेचं म्हणणं साधं होतं: तुमच्या सीमेवर आमचं सैन्य लढलं, आता थोडा भार उचला. मला ही बाजू अगदीच खोटी वाटत नाही, कारण खुद्द इंग्लंडातली माणसं तेव्हा वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होती. पण १७६५ मध्ये स्टॅम्पचा कर बसवला तो वर्तमानपत्रांवर, कोर्टाच्या कागदांवर आणि पत्त्यांच्या कॅटवरही! म्हणजे संपादक, वकील आणि गुत्त्यात पत्ते कुटणारे, सगळ्यात जास्त बोलणारी माणसं एकदमच अंगावर घेतली. ओरड इतकी झाली की वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. वसाहतींचा प्रश्न एकच होता. ज्या संसदेत आमचा एकही माणूस नाही, ती आमच्या खिशात हात कसा घालते?

१७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर नवीन कर आले. मग बहिष्कार सुरू झाला आणि राजकारण थेट स्वयंपाकघरात शिरलं. इंग्लंडचं कापड नको म्हणून बायका एकत्र जमून सूत कातू लागल्या. आपल्याला लगेच चरखा आठवतो, पण हे त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीचं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटन गावात १७७४ मध्ये ५१ बायकांनी इंग्रजी मालावर बहिष्काराचा ठराव करून त्यावर आपापल्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांची टिंगल करणारं व्यंगचित्रही छापलं गेलं. बायकांनी सही करणं हेच मुळी तेव्हा हसण्यासारखं वाटत होतं.

आता चहाची गोष्ट, कारण ती थेट आपल्या दारापर्यंत येते. १७७० मध्ये चहा सोडून बाकीचे कर उठले होते. तिकडे ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली होती. बंगालात भीषण दुष्काळ पडून गेला होता, लष्करी खर्च वाढला होता आणि लंडनच्या गोदामांत लाखो पौंड चहा पडून होता. कंपनीला वाचवायला संसदेने १७७३ मध्ये कायदा केला: कंपनीने चहा परस्पर अमेरिकेत विकावा. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता, तस्करीच्या चहापेक्षाही! पण त्यात तो जुना कर तसाच होता. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे कर गुपचूप मान्य करायचा. शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता, तेही विसरू नका.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात काही माणसांनी मोहॉक लोकांचा वेश करून तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या आणि सुमारे ४२ टन चहा पाण्यात टाकला. तो चहा भारतातला नव्हता बरं का, सगळा चीनचा होता. आसामच्या चहाला अजून साठेक वर्षं अवकाश होता.

यानंतर घटना भराभर घडल्या. बॉस्टन बंदर बंद झालं, मॅसॅच्युसेट्सचे अधिकार काढून घेतले आणि बाकीच्या वसाहतींना वाटलं, आज ते, उद्या आपण. १७७५ मध्ये गोळी सुटली. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. फ्रान्सने मदत केली आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने नवीन देश मान्य केला.

बीएला आम्हाला हा जाहीरनामा मोठ्या कौतुकाने शिकवला होता. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, हे मात्र मी नंतर स्वतः वाचलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अॅबिगेल अॅडम्सने नवऱ्याला पत्र लिहून बजावलं होतं की नवीन कायदे करताना बायकांची आठवण ठेवा. जॉनसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं. आणि ब्रिटिशांनी, आमच्याकडे या, मुक्त करू, असं म्हटल्यावर हजारो गुलाम त्यांच्या बाजूला पळाले. युद्ध संपल्यावर त्यांतले सुमारे ३,००० जण ब्रिटिश जहाजांतून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेले. ज्या देशाने स्वातंत्र्य मिळवलं, त्याच देशातून ही माणसं स्वातंत्र्यासाठी बाहेर पडली.

आणि हरलेल्या कॉर्नवॉलिसचं काय झालं? १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. मराठे आणि निजाम यांना सोबत घेऊन त्याने १७९२ मध्ये टिपूचं अर्धं राज्य काढून घेतलं आणि १७९३ मध्ये बंगालात कायमधारा लावला. इथे त्याच्यासमोर वेगळी चूल मागणारे भाऊबंद नव्हतेच. १८०५ मध्ये तो पुन्हा भारतात आला आणि काही महिन्यांतच वारला. त्याची कबर उत्तर प्रदेशात गाझीपूरला आहे.