मळीचें पाणी कोणीकडे जाणार?

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या वर्गांत एक प्रश्न निघाला. खडकपूर्णेच्या बाजूच्या एका खेड्यांतला विद्यार्थी म्हणाला, "आमच्या गांवाजवळ मद्यार्काचा कारखाना निघणार अशी बोलवा आहे. बाबा म्हणतात, दादाला नोकरी लागेल. आजोबा मात्र एवढेंच विचारतात, कीं त्याचें पाणी कोणीकडे जाणार?" मुलें हंसलीं. म्हाताऱ्या माणसांस जेथें तेथें अडचणच दिसते, असें त्यांना वाटलें असावें. आमच्या मतें त्या घरांतला सर्वांत शास्त्रीय प्रश्न आजोबांनींच विचारला होता. आणि त्याचा विचार आमच्या वाचकांनीं, विशेषतः त्यांच्या पालकांनीं करावा, म्हणून हा लेख.

मद्यार्क म्हटला कीं डोळ्यांपुढें दारूची बाटली येते. तो वाद निराळा आहे व आज तो आम्ही काढीत नाहीं. आज बराचसा मद्यार्क इथेनॉल या नांवानें मोटारींच्या पोटांत जातो. पेट्रोलमध्यें तो 20 टक्के मिसळण्याचा टप्पा देशानें 2025 सालीं गांठला. तेव्हां असे कारखाने निघणारच. प्रश्न आहे तो त्यांच्या मागील दारानें बाहेर पडणाऱ्या पाण्याचा.

ऊंस गाळून साखर काढल्यावर जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. एक टन उंसामागें ती सुमारें 40 ते 45 किलो निघते. ती पाण्यांत कालवून यीस्ट घातलें म्हणजे आंबते. मग उष्णता देऊन मद्यार्काची वाफ वेगळी काढतात. तळाशीं जें कढत, आंबट, तपकिरी पाणी राहतें त्यास कारखान्यांतील लोक स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर मद्यार्कामागें तें 8 ते 15 लिटर निघतें. म्हणजे मद्यार्काचा कारखाना हा खरें पाहतां सांडपाण्याचाच कारखाना होय; मद्यार्क ही त्याची लहानशी जोडपैदास!

या पाण्यांत विष नसतें, अन्न असतें, आणि घात तोच करतें. ओढ्यांतील असंख्य सूक्ष्म जीव त्या अन्नावर तुटून पडतात व खातां खातां पाण्यांतील प्राणवायु संपवून टाकतात; मग मासे गुदमरतात. हा प्राणवायु किती लागेल तें मोजण्याची एक रीत आहे. गांवाच्या गटाराच्या पाण्यास दर लिटरमागें 200 ते 300 मिलिग्राम लागतो; या पाण्यास 40 ते 50 हजार! रोज 30 हजार लिटर मद्यार्क काढणारा कारखाना घ्या; त्याचें सुमारें तीन लाख लिटर पाणी नदीवर जो भार घालील, तो तीन लाख माणसांच्या गटाराएवढा होईल. आपल्या बुलढाणें शहराची वस्ती 2011 च्या खानेसुमारींत सुमारें 67 हजार होती. असलीं चार शहरें एका ओढ्यावर आणून बसविल्याचीच ही गोष्ट झाली.

आणि आपले ओढे ते केवढे! वर्षाचे आठ महिने ते वाळूच दाखवितात. शिवाय आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. नळगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या उत्तरेकडील पूर्णेस मिळून तापीच्या वाटेनें पश्चिमसमुद्रास जातात. पैनगंगा व खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्रास. येथें कोणी घाण सोडली तर खालच्या दोन्ही अंगांच्या लोकांनीं ती प्यावी, असा अर्थ होतो. कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं मेलेले मासे तरंगल्याच्या वार्ता पुष्कळ वेळां आल्या आहेत. त्यांत शहरांच्या गटारांचाही वांटा मोठा आहे हें खरें. पण त्या नद्यांना निदान पाणी तरी असतें.

यावर उपाय आहे काय? आहे, आणि तो जुना व परीक्षिलेला आहे. प्रथम हें पाणी बंद टांकींत, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या स्वाधीन करतात. ते त्यांतील बहुतेक अन्न खाऊन जळाऊ गॅस देतात. एक घनमीटर पाण्यापासून 25 ते 35 घनमीटर गॅस निघतो व तो कारखान्याच्याच भट्टींत जाळतात. या जिवाणूंचे भाऊबंद आपल्या लोणारच्या सरोवरांतही राहतात; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं ते त्या चिखलांतून वेगळे काढले आहेत. परंतु एवढ्यानें काम संपत नाहीं. पाण्याचा रंग जात नाहीं, क्षार तसेच राहतात. म्हणून तें आटवून घट्ट करतात व बगॅसबरोबर खास बॉयलरमध्यें जाळतात. किंवा साखर कारखान्यांतील प्रेसमडवर शिंपडून पक्क्या फरशीवर खत कुजवितात. हें खत पावसाळ्यांत करतां येत नाहीं, आणि बऱ्याच ठिकाणीं गाडें तेथेंच अडतें. तळीं भरतात, पाऊस येतो, आणि "बांध फुटला" असें सांगण्यांत येतें. बांध दर वर्षीं नेमके ऐन पावसांत रात्रींच कसे फुटतात, याचा शोध आमच्या भूगोलाच्या शिक्षकांस अद्याप लागलेला नाहीं.

आमचें मुख्य म्हणणें आतां येतें. साखर आणि मद्यार्क हे दोन्ही पदार्थ हवा व पाणी यांपासूनच घडलेले आहेत. त्यांत जमिनीचा अंश नाहीं. जमिनीनें उंसास जें पालाश दिलें तें रसांतून मळींत व मळींतून या पाण्यांत येतें. तेव्हां ओढ्यांत जें वाहून जातें तें शेतकऱ्याचें शेत होय. आणि तोच शेतकरी पुढें परदेशांतून आलेलें पालाश खत विकत घेतो! तें पाणी आटवून जाळल्यावर जी राख उरते तींत हें पालाश सांपडतें. 2021 सालीं केंद्र सरकारनें मळीपासूनचें हें पालाश अनुदान मिळणाऱ्या खतांत घेतलें, त्यांत 14.5 टक्के पालाश धरतात. ही राख मोजून शेतांत परत गेली पाहिजे.

मोजून, हा शब्द आम्ही जाणून घातला आहे. पाणीच शेतांत सोडलें तर पीक जोमदार येतें असें सांगून टँकर पाठविणारे लोक असतात. आपली काळी जमीन पाण्याचा निचरा लवकर करीत नाहीं. शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या भागांतील खारपाणपट्ट्यानें विहिरींतील क्षारांचें दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगलें आहे. त्या मातींत आणखी क्षार कोणी फुकट दिले तरी घेऊं नयेत.

सन 2003 मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेनें मद्यार्क कारखान्यांनीं हें पाणी नदीनाल्यांत मुळींच सोडूं नये असें ठरविलें. नियम चांगला आहे. पण आटविण्याचीं यंत्रें महाग आणि वीज व वाफ खाणारीं असतात, म्हणून तपासणीचा दिवस टळला कीं तीं बंद ठेवण्याचा मोह होतो. कारखाना तोट्यांत आला तर पहिली काटकसर याच खात्यांत होते. आपल्याच जिल्ह्यांत दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडलेला सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां नवा कारखाना कितीही थाटानें निघो, त्याच्या पडत्या काळांत पाण्याचें काय, हेंही आधींच विचारावें. उंसाऐवजीं मका वापरूं म्हणणारेही आतां पुष्कळ आहेत. मक्याचा चोथा वाळवून गुरांचें खाद्य होतें, ही त्यांतली जमेची बाजू; मात्र तो वाळविलाच पाहिजे.

2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनें अशा प्रकल्पांसाठीं जनसुनावणीची सोय केली, व 2021 सालीं इंधनाकरितां इथेनॉल करणाऱ्या कांहीं कारखान्यांस तींतून सूट मिळाली. ही सूट आम्हांस पटत नाहीं. जेथें सुनावणी होईल तेथें पालकांनीं अवश्य जावें. जेथें होणार नाहीं तेथें ग्रामसभेंत विचारावें: टांकी किती मोठी, आटविण्याचें यंत्र कोणत्या दिवसापासून चालणार, पावसाचे चार महिने पाणी कोठें ठेवणार, राख कोणास देणार? नोकऱ्या किती, हा प्रश्न त्यानंतर विचारावा; आधीं नव्हे.

त्या दिवशीं वर्गांत आम्हीं दोन बाटल्यांत ओढ्याचें पाणी घेतलें, एकींत चिमूटभर गूळ टाकला, दोहोंत मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थेंब घालून बुचें घट्ट बसविलीं. प्राणवायु संपला कीं हा रंग जातो. दोन दिवसांनीं गुळाची बाटली पांढुरकी झाली. दुसरी निळीच होती. त्या विद्यार्थ्यानें दोन्ही बाटल्या आजोबांस दाखविण्यास नेल्या. त्या अजून परत आलेल्या नाहींत. घरीं कोणी पाहुणा आला कीं आजोबा त्या पुढें ठेवतात, असें ऐकतों.