इंग्रजीचा एक शब्द : इनेव्हिटब्ली



दहावी-बारावीच्या उताऱ्यात आणि इंग्रजी पेपरात हा शब्द वारंवार भेटतो. उच्चारताना जोर 'ने'वर द्यावा. मूळ लॅटिन. 'टाळणे' या क्रियापदापुढे नकाराचा 'इन' लागला आहे. म्हणून अर्थ : टाळता येणार नाही अशा रीतीने, अटळपणे. 'नशिबाने' असे भाषांतर मात्र करू नये. या शब्दामागे कारण असते, नशीब नसते.

हे क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या आधी येते. 'ऑल लिव्हिंग बीइंग्ज इनेव्हिटब्ली डाय.' सर्व प्राणिमात्र अटळपणे मरतात. वाक्यात 'विल' असेल तर त्याच्या नंतर. बोलण्यात हलका अर्थही चालतो. 'द बस वॉज इनेव्हिटब्ली लेट', म्हणजे बस नेहमीप्रमाणे हमखास उशिरा आली.

आता हे वाक्य पाहा : 'वर्कर्स इनेव्हिटब्ली डाय इन सीवर्स.' गटारात कामगार अटळपणे मरतात. व्याकरण बरोबर आहे, पण वाक्य खोटे आहे. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये विषारी वायू साठतो आणि माणसाला साधनांशिवाय खाली उतरवले जाते, म्हणून तो मरतो. हे काम यंत्राने करता येते. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ साली १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. जे टाळता आले असते त्याला हा शब्द लावला की दोषी माणूस वाक्यातून निसटतो. तेथे 'रिपीटेडली', म्हणजे 'पुन्हा पुन्हा', लिहावे.

बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात हाच फरक केला होता. हिंदू म्हणून जन्मणे त्यांच्या हाती नव्हते. हिंदू म्हणून मरणे मात्र टाळता येणारे होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेऊन त्यांनी ते टाळले.

'नॉट इनेव्हिटब्ली' म्हणजे 'होईल, पण होईलच असे नाही'. परीक्षेत येथे मुले घोटाळा करतात.

सरावासाठी दोन वाक्ये. रिकाम्या जागी 'इनेव्हिटब्ली' की 'ऑफन', ते घरात सर्वांनी मिळून ठरवावे.

१) आइस ...... मेल्ट्स इन द सन.
२) पुअर चिल्ड्रन ...... फेल इन इंग्लिश.